बंडगार्डन दाखवायला

मला कुणी 'चल, जरा फिरून येऊ' असं म्हटलं की आजही मी आधी त्या माणसाच्या तोंडाकडं बघते. फिरायचं म्हणून फिरायला नेणारी माणसं जगात असतीलही, पण आमच्या घरात तरी नव्हती. मांडवगण फराट्याच्या आमच्या मळ्यात माणूस उठायचा तो कामाला आणि बाहेर पडायचा तोही कामालाच. बाजार, दवाखाना, लग्न, मयत आणि तालुक्याची कचेरी सोडली तर पायात चप्पल घालायला दुसरं कारण नसे. त्यामुळं आप्पा, म्हणजे माझे वडील, एका सकाळी गोठ्यातून आत आले आणि कुणाच्याच तोंडाकडं न बघता म्हणाले, "सुमीला एकदा पुन्याची बाग दाखवून आनली पायजे. लई अभ्यास केला पोरीनं," तेव्हा माझ्या हातातला चहाचा पेला हातातच राहिला. मॅट्रिकचा निकाल लागून महिना झाला होता. त्या महिन्यात आप्पांनी मला साधं 'बरं झालं' म्हटलं नव्हतं. आणि आता एकदम बाग?

मी चुलीजवळ बसलेल्या आईकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती आणि भाकरीकडं इतकं लक्ष देऊन बघत होती की जणू आज पहिलीच थापते आहे. आत्या पलीकडं भिंतीला टेकून गुलछडीच्या पेंढ्या बांधत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मला तिथंच कळलं की या घरात काहीतरी शिजतंय, आणि ते मला सोडून बाकी सगळ्यांना माहीत आहे.

माझा स्वभाव मुळातच संशयी. पुढं तीस-बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण एकाही मुलाच्या पोटदुखीवर माझा एका दमात विश्वास बसला नाही. अजूनही भाजीवाल्यानं स्वतःहून निवडून दिलेली वांगी मी पिशवीतून परत काढून बघते. सूनबाई हसते. हसू दे. संशय घेणाऱ्या माणसाला लोक उगीच नावं ठेवतात. निम्म्या वेळा तरी त्याचं बरोबर निघतं. राहिलेल्या निम्म्या वेळांपैकी एका वेळेबद्दल मला इथं लिहायचं आहे.

आमचं घर म्हणजे मळ्यातली चार खणांची कौलारू इमारत. पुढं ओटा, ओट्यापुढं फुलं ओतायची मोकळी जागा. खाली भीमेच्या काठावर आमचं आणि चुलत चुलत्यांचं मिळून एक इंजिन होतं, ते सकाळी सुरू झालं की त्याचा पुक-पुक आवाज दिवसभर घरात ऐकू यायचा. आवाज थांबला की घरातले सगळे एकदम गप्प होऊन कान देत, इंजिन बिघडलं का आपली पाण्याची पाळी संपली म्हणून. गुलछडी आणि शेवंती आमच्याकडं असायचीच. पाहुणे आले की म्हणायचे, काय वास सुटलाय! आम्हाला तो येत नसे. आम्हाला वास यायचा तो चुलीवरच्या हुलग्याच्या माडग्याचा आणि संध्याकाळी तव्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा. फुलं काढायची, निवडायची, पेंढ्या बांधायच्या, ही सगळी कामं आत्याकडं. तिच्या हाताखाली बाया असत, पण गुलछडीचा कंद कुठला ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे तिनं हातात घेऊन सांगितल्याशिवाय लावणी व्हायची नाही.

आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, इंदू. माझ्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठी. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा काविळीनं गेला आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई रानात आणि धाकट्या भावात गुंतलेली, त्यामुळं मी आत्याच्या वाट्याला आले किंवा ती माझ्या वाट्याला आली. माझी वेणी तिनं घातली, मला पहिल्यांदा साडी तिनं नेसवली, मी मॅट्रिकचा अभ्यास करत असताना समोर बसून पेंढ्या बांधत तिनं इतिहास ऐकून ऐकून पाठ केला. ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती. "पुढं काय झालं गं त्या राजाचं?" असं भांडी घासताना विचारायची.

तर, बाग. आप्पांच्या त्या वाक्यानंतर मी पुरावे गोळा करायला लागले. एक, यवतचे मामा त्या महिन्यात तीनदा येऊन गेले होते. मामांचं यवतला हायवेलगत किराणा मालाचं दुकान, त्यांना एरवी दिवाळीलासुद्धा यायला फुरसत नसे. दोन, ते आले की मला "शेळी सुटली का बघ" म्हणून बाहेर पाठवत. शेळी कधीच सुटलेली नसायची. तीन, आत्याच्या पेटीत मला कोरी साडी सापडली, निळ्या रंगाची, बारीक हिरव्या काठाची. आणि चौथा पुरावा सगळ्यांत पक्का. आई पुण्याला येणार नव्हती. मी विचारलं, "तू का नाही येत?" तर ती म्हणाली, "मला न्हाई यायचं तसल्या ठिकानी." बागेला कुणी 'तसलं ठिकाण' म्हणतं का? मी मनाशी ठरवून टाकलं, लेकीला परक्याच्या हवाली करताना आईला बघवणार नाही, म्हणून ती येत नाही.

कारण हा प्रकार मला माहीत होता. घरी रीतसर बघायला बोलावलं आणि नकार आला तर गावभर होतं, म्हणून पोरगी बाहेरच्या बाहेर दाखवायची. माझ्या वर्गातल्या एका मुलीला "थेऊरच्या गणपतीला जाऊ" म्हणून नेलं. देवळाच्या पायरीवर एक बाई तिच्याशी दोन शब्द बोलली, आणि पंधरा दिवसांत तिला हळद लागली. तिला बिचारीला वाटलं होतं, ती बाई पत्ता विचारत होती. मी काही एवढी भोळी नव्हते. आणि मला लग्न नको होतं. शाळेतल्या गुरुजींनी माझा डी.एड.चा फॉर्म भरून पाठवला होता. आप्पांनी त्यावर सही केली होती, पण करताना नुसतं "बघू" म्हणाले होते. आप्पांचं 'बघू' म्हणजे नाही, हे आमच्या बैलांनासुद्धा माहीत होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि ते एका बागेत संपणार होतं.

जायच्या दिवशी मी माझी तयारी केली. डोक्यावर वाटीभर तेल ओतलं, कानशिलावरून ओघळ येईपर्यंत. सगळ्यांत विटका परकर काढला. आत्यानं बघितलं आणि पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "आगं, काय अवतार करून घेतलाईस? पुन्याला चाललोय आपन." ती कोरी निळी साडी तिनंच नेसली होती. मी लगेच ताडलं, वाटेत यवतला मामांच्या घरी ती मला नेसवणार, तोवर चुरगळू नये म्हणून अंगावर घातलीय. माणसाचं डोकं एकदा संशयाच्या कामाला लागलं की किती चोख चालतं, ते आज आठवलं की हसू येत नाही.

तेव्हा नदीवर पूल नव्हता. नावेतून पलीकडं गेलो, तिथून एसटीनं यवत. मामींनी चहा केला, मामा बरोबर निघाले. साडी बदलायचं कुणी नाव काढलं नाही. आता थेट बागेतच आडोशाला नेसवतात की काय, असं मला वाटत राहिलं. पुण्याच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली होती. तिनं दशम्यांचं गाठोडं मांडीवर धरलं होतं आणि ती सारखी त्याची गाठ सोडून परत बांधत होती. मी विचारलं, "तुला काय झालंय?" ती म्हणाली, "कुठं काय?" मला वाटलं, माझ्या काळजीनं असं करतेय. मला तिचा रागही आला. निदान तिनं तरी मला सांगायला हवं होतं.

बंडगार्डन स्टेशनापासून फार लांब नाही. आम्ही चालत गेलो. मामा वाटेत इतिहास सांगत होते, म्हणजे त्यांना वाटेल तो. "ह्यो बंधारा एका पारशी शेटनं बांधून दिलाय, साह्यबाच्या काळात. हितं साह्यबाचा बँड वाजायचा. मडमा छत्र्या घिऊन फिरायच्या." मामा सांगतील ते सगळं खरं नसतं, पण बँडसाठीचा गोल चौथरा खराच होता, आणि बंधाराही. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याची एकसारखी भिंत खाली पडत होती. तिचा धो-धो आवाज सगळ्या बागेत भरून राहिला होता, इतका की शेजारच्या माणसाशीही जरा मोठ्यानं बोलावं लागे. मुळा-मुठेचं हे पाणी पुढं भीमेला मिळतं आणि आमच्या मळ्याखालून जातं. आप्पा काठावर उभे राहून म्हणाले, "हे आपलंच पानी की!" त्यांना तेवढ्यानं बरं वाटलं. आता त्या काळ्या, घाण पाण्याकडं बघवत नाही, आणि ते आमच्याकडं येतं हे सांगायलाही नको वाटतं. मात्र बागेतल्या हिरवळीनं आप्पांची अवस्था वाईट झाली. "एवढ्या रानात नुस्तं गवत? पानी द्यायचं, वाढवायचं, आन् परत कापून टाकायचं? ते बी जनावराला न्हाई घालायचं?" दगडी पायऱ्या, मोठाली जुनी झाडं, झाडांच्या बुंध्याभोवती बांधलेले पार. सगळं छान होतं, पण मला झाडं दिसत नव्हती. मी प्रत्येक बाकावर माणसं शोधत होते.

आणि ती सापडली. चौथऱ्याच्या पलीकडं एका बाकावर नऊवारी नेसलेली एक म्हातारी आणि तिच्याशेजारी पँट-शर्टातला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण. आम्ही दिसताच म्हातारीनं पदर सारखा केला आणि तो उठून उभा राहिला. मामा अगदी अचानक भेट झाल्यासारखे म्हणाले, "आरं, तुमी हितं कसं काय!" इतकं वाईट नाटक मी शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा बघितलं नव्हतं. त्या तरुणाचे केस कपाळावर फिरवलेले होते आणि शर्टाच्या खिशात पेन होतं. मी त्याच्याकडं एकदाच बघितलं आणि ठरवलं, हा पेनवाला माझं डी.एड. खाणार.

तेवढ्यात खाकी कपड्यातला एक माणूस फुलझाडांच्या वाफ्यातून हात पुसत आला. पस्तिशीचा असेल. म्हातारीचा थोरला मुलगा, या बागेत माळ्यांवर मुकादम आहे, असं मामांनी सांगितलं. हात पुसूनही त्याच्या नखांत माती होती. त्यानं आप्पांना नमस्कार केला, आम्हाला बाग दाखवतो म्हणाला, आणि पुढं झाला. हे झाड अमक्या वर्षांचं, ही वेल परदेशातली, असं तो सांगत होता. बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. एका वाफ्याशी त्यानं गुलछडी लावली होती आणि ती नीट येत नव्हती. आत्या इतका वेळ आमच्या मागं मागं होती. ती एकदम पुढं झाली, नव्या साडीचा विचार न करता खाली बसली आणि बोटांनी माती उकरून बघत म्हणाली, "एवढा खोल कंद लावत्यात व्हय? कुजनारच की. चार बोटं बास." तो शेजारी बसला. म्हणाला, "आमच्या साहेबांनी पुस्तकात बघून सांगितलं." आत्या म्हणाली, "मग पुस्तकातच लावायचा व्हता." तो हसला, अगदी मोठ्यानं, आणि आत्याही हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघत होते. हे सगळं मी बघितलं, मला आजही ते स्वच्छ दिसतं. पण मी काय विचार केला? मी विचार केला की बरं झालं, सगळे गुलछडीत गुंतलेत, आता मला त्या म्हातारीला गाठता येईल.

मला गाठायची गरज पडली नाही. म्हातारीनंच माझा हात धरला. "चल गं बाय, पानी बघू," म्हणून ती मला नदीकडच्या पायऱ्यांवर घेऊन गेली. ओच्यातून काढून मूठभर भाजलेल्या शेंगा माझ्या हातात दिल्या. हीही रीत मला ठाऊक होती. सोयरीक करताना मोठी माणसं एकमेकांना गोड गोड सांगतात, म्हणून घरातल्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन चौकशी करायची. पोरं खरं बोलतात म्हणे.

"चुलीवर कोन असतं तुमच्याकडं?"

"आई रानात गेली की आत्या."

"तुला जीव लावती?"

"लावते की."

"घरात कुनाला काय दुखनंबिखनं न्हाई न्हवं? खरं सांग, मी कुनाला सांगनार न्हाई."

मी पाण्याच्या भिंतीकडं बघत होते. हीच ती वेळ, असं मला वाटलं. तोवर मी ठरवलं होतं की तिरळं बघायचं, तोंड वाकडं करायचं. पण एवढ्यानं सोयरीक मोडत नाही हेही कळत होतं. आमच्या गावात एका मुलीला फेफरं यायचं, ती पडली की बाया कांदा हुंगवायला धावायच्या. तिचं लग्न झालं नव्हतं. पण एकटीला येतं म्हटलं तर म्हातारी म्हणेल, एखाद्या देवऋष्याकडं नेऊ, औषध करू. रक्तातच आहे म्हटलं की तिथं औषध नाही. मी शेंग फोडत, अगदी सहज सांगितलं, "आमच्या घरात फेफरं हाय. मला येतं. आत्याला तर लई येतं. कांदा हुंगवावा लागतो."

म्हातारीचा हात माझ्या पाठीवर होता, तो तसाच राहिला. "देवा," एवढंच ती म्हणाली. मी उरलेल्या शेंगा खाल्ल्या. मला इतका आनंद झाला होता की परत येताना मी त्या पेनवाल्याकडं बघून हसलेसुद्धा.

आम्ही निघालो तेव्हा आत्या बागेतल्या नळावर हात धुवायला गेली. म्हातारी तिच्या मागोमाग गेली, दोघी काहीतरी बोलल्या. बंधाऱ्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आत्या परत आली ती ओले हात तसेच ठेवून. गाडीत ती खिडकीशी बसली आणि यवतपर्यंत बाहेर बघत राहिली. गाठोडं माझ्याकडं होतं. मी दोन दशम्या खाल्ल्या.

यवतला मामींनी आम्हाला आत घेतलं आणि पाण्याचा तांब्या देता देता आत्याला विचारलं, "इंदूताई, कसा वाटला मानूस? दोन लेकरं हायेत, पर स्वभावानं लई गरीब म्हनत्यात. पाट लावायचा तर आसाच बघून लावावा." मग त्यांना मी दिसले आणि त्यांनी जीभ चावली. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न, ज्याला पाट म्हणत, ते होत असे; पण त्याची बोलणी लग्न न झालेल्या पोरींच्या कानावर जाऊ द्यायची नसत, आणि नवरा जिवंत असलेली बाई अशा ठिकाणी हजर राहत नसे. म्हणून आई आली नव्हती. म्हणून मला शेळी बघायला पाठवत होते. मला बरोबर नेलं होतं ते गावाला सांगायला कारण हवं म्हणून. पोरीला बाग दाखवायला चाललोय.

मी मामींच्या मोरीत जाऊन ओकले. सगळ्यांना वाटलं, गाडी लागली.

त्याच वेळी बाहेर येऊन मी सांगायला हवं होतं. मामा तिथंच होते, दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन खुलासा करून आले असते. मी तोंड उघडलंही होतं. पण आप्पा समोर बसले होते आणि मला त्यांच्या हाताची भीती वाटली. शिवाय मनात आलं, म्हातारीनं विश्वास ठेवला असेलच कशावरून? एका पोरीच्या बोलण्यावर कोण सोयरीक मोडतं? असं मी स्वतःला आठ दिवस सांगत राहिले. त्या आठ दिवसांत इंजिनाचा आवाज बंद पडला की मी हातातलं काम टाकून ओट्यावर यायची, कारण शांततेत वाटेवरचे पाय ऐकू येत. आत्या रोजच्यासारखी पेंढ्या बांधत होती. मी तिच्याकडं चोरून बघायची. तिची नजर माझ्यावर पडली की ती हसायची.

नवव्या दिवशी मामा आले. "योग न्हाई म्हनत्यात," एवढंच म्हणाले. कारण त्यांनाही सांगितलं नव्हतं. आप्पांनी मात्र कारण शोधून काढलं. आमचे चुलत चुलते, तात्या, यांच्याशी इंजिनाच्या पाळीवरून आधीच कुरबुर होती. "त्यानंच कळ लावली. भावकीबिगार आसं कोन करतंय?" आप्पा म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. तात्या देवमाणूस. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण केलं काय. त्यांच्या मयतीला आप्पा लांब बाभळीखाली उभे राहिले, आणि मी आप्पांच्या शेजारी. संशय घेणं माझ्या रक्तात कुठून आलं हे मला तिथं कळलं. पण तेव्हाही मी गप्प बसले, याला रक्त जबाबदार नाही.

त्यानंतर महिन्याभरात डी.एड.चं पत्र आलं. आप्पांनी मला पाठवलं! बहिणीचं मोडलं, निदान पोरीचं तरी होऊ दे असं त्यांना वाटलं की काय, कुणास ठाऊक. मी मास्तरीण झाले, यवतकडच्या एका शाळेवर लागले, लग्न केलं, आणि मुलं झाल्यावर आत्या माझ्याकडं आली ती कायमची. माझी दोन्ही मुलं तिनं वाढवली. मी शाळेतून यायची तेव्हा ताट वाढलेलं असे. लोक म्हणत, नशीब काढलंस, अशी आत्या कुणाला मिळते? असं कुणी म्हटलं की मी चहा टाकायला उठायची.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भावाच्या मुलीला बघायला येणार होते. म्हणजे येणार नव्हतेच, पुण्यातल्या कुठल्याशा कॅफेत भेटणार होते. मी दुपारी ओट्यावर आत्याबरोबर मेथी निवडत बसले होते आणि माझ्या स्वभावाप्रमाणं कुरकुरत होते. कॅफेत काय कळतं, नीट चौकशी केली पाहिजे, आजूबाजूला विचारलं पाहिजे. आत्या आता सत्त्याहत्तरची. कान शाबूत आहेत. ती म्हणाली, "काय बी करा, पर पोरास्नी इचारू नका म्हनावं. पोरं कायबी सांगत्यात."

"कुठली पोरं?"

"तूच की. बंडगार्डनला म्हातारीला फेफरं सांगितलंस ते."

पन्नास वर्षं मी ते वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायचं या भीतीत काढली होती, आणि ती मेथीतून मान वरसुद्धा न काढता बोलली होती. मी कसंबसं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. नळावर गाठलं न्हाई का मला? म्हनली, बाई, तुमची पोरगी आसं आसं म्हनती, खरं हाय का? तुमी न्हाई म्हना, मी तुमच्यावर इस्वास ठेवते. भली बाई व्हती. तोंडावर इचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"व्हय म्हनलं."

"आगं, पण का? का व्हय म्हनलीस?" माझा आवाज चढला होता. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं.

आत्यानं पाला एका बाजूला केला, काड्या दुसऱ्या बाजूला केल्या. "मानूस चांगला व्हता गं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला आवडला व्हता. पर दादाला माझी कुटंतरी सोय लावायची व्हती. वैनीला घर मोकळं व्हाया पायजे व्हतं. त्येंचं बी काय चुकत न्हवतं. समदी मला वाटंला लावाया निघाल्याली. आन् तू तेवढी एकटी, एवढं मोठं खोटं बोलून मला आडवीत व्हतीस. नळावर हुबी ऱ्हाऊन म्हनलं, हितं कुनाला तरी आपन पायजे हाय. मग कशाला जायाचं?" मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला मी जायला नको व्हते, म्हनूनच बोललीस न्हवं?"

आयुष्यभर मी लोकांच्या बोलण्यातलं खोटं शोधत आले. आणि या एका बाईनं माझं खोटं ऐकलं, आणि त्यात माया शोधून काढली, आणि तिच्या जोरावर इतकी वर्षं माझं घर चालवलं. मला खरं सांगायचं होतं. मला फक्त माझं डी.एड. वाचवायचं होतं आत्या, तू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतीस, असं सांगायचं होतं. ती वाट बघत होती, हातात मेथीची काडी धरून.

"व्हय," मी म्हणाले. "म्हनूनच बोलले. तू गेली आसतीस तर मी काय केलं आसतं?"

तिनं मान हलवली, तिला ते आधीपासून ठाऊकच होतं अशी. मग माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "मग आता रडतीस कशाला, येडे?"